उत्तर: जुनं कर्ज अर्ध्यात मिटवून कोकमाचा धंदा सुरू करू का?

पोस्ट दोनदा वाचली. दारू सुटून दोन वर्षं, वसुलीवाल्याचा 'अर्धे भरा, विषय संपवतो' असा फोन, डोक्यात आगळ-आमसुलांचा छोटा कारखाना, आणि गावात अजून 'बेवडो' हीच ओळख. कोकमाच्या जागी काजू घातला की माझीच गोष्ट. वयाने मोठा आहे म्हणून पुढे अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

दारू सोडण्यावर काही सांगत नाही, ते तू करून दाखवलं आहेस. धंद्याचं मशीन-बिशीन पण नंतर. आधी त्या फोनचं बघू.

आंब्याच्या पेट्या वाहायला मी टेम्पो घेतला होता, कर्जावर. भाडी यायची ती संध्याकाळी बारमध्ये जायची. हप्ते थकले, टेम्पो ओढून नेला, विकला, तरी माझ्या नावावर 1 लाख 10 हजार राहिले. पुढे सावरलो, गोव्यात हॉटेलच्या किचनमध्ये लागलो. 2013 मध्ये असाच फोन आला. 60 भरा, मिटलं. मी भरले. पन्नास हजार वाचवले म्हणून स्वतःवरच खूश! हातात काय, तर एक पावती, तिची शाई पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत उडाली.

2018 ला कुडाळजवळ काजूचं युनिट टाकायचं ठरवलं. जागा मामाची, प्रकल्प अहवाल तयार, मॅनेजर पण भला माणूस. त्याने माझा क्रेडिट रिपोर्ट काढला, म्हणजे कुठलं कर्ज कसं फेडलं त्याची नोंद, आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. जुन्या कर्जासमोर 'सेटल्ड'. मला वाटलं सेटल्ड म्हणजे मिटलं. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ, या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, उरलेले आम्ही सोडले. पूर्ण फेडलं तर 'क्लोज्ड' लागतं. या दोन शब्दांपायी माझं कर्ज अडलं.

म्हटलं ठीक, उरलेले पन्नास भरतो. तर जुनी बँक पैसेच घेईना! (नाव घेत नाही. शाखा दुसरीकडे हलली आहे, आणि तिथली आताची माणसं वेगळी आहेत.) शाखा म्हणे, खातं सिस्टिममध्ये बंद आहे, मुख्य कार्यालयात विचारा. मुख्य कार्यालय म्हणे, शाखेचं पत्र आणा. साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, साहेब बदलून गेले. 14 महिने. काजूची बी फेब्रुवारी ते मे बाजारात येते, ती रोखीने घेऊन ठेवली तरच वर्षभर काम चालतं. असे दोन हंगाम माझ्या डोळ्यांदेखत गेले. मामाच्या पडवीत हातकटरवर दोन बायका घेऊन जेवढी फोडता आली तेवढी फोडली.

त्या ऑफिसवर आजही राग आहे, पण खरी चूक माझी. 14 महिन्यांत मी एक ओळ लिहून दिली नव्हती. सगळं तोंडी, हात जोडून. दारूड्याची सवय असते ती, आपण गुन्हेगार आहोत असं समजून समोरच्याच्या टेबलाशी वाकून उभं राहायची. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी झापलं तेव्हा अर्ज लिहिला, आवक शिक्का मारून पोच घेतली आणि उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी तो बघतो) जाणार असं शेवटी घातलं. सात आठवड्यांत पैसे घेतले, थकबाकी नसल्याचं पत्र दिलं आणि रिपोर्ट बदलला.

म्हणून माझं मत: अर्ध्यात मिटवू नकोस. पूर्ण भर, वेळ लागला तरी हप्ते बांधून घे. अगदीच जमत नसेल, आणि पुढची पाच-सात वर्षं कर्ज नकोच असेल, तर गोष्ट वेगळी. पण तुला अन्न प्रक्रिया योजनेतलं अनुदान हवंय ना? ते 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, दिसायला छान. पण ते बँक कर्जाला जोडलेलं आहे. कर्ज मंजूर नाही तर अनुदानही नाही. (योजना अजून चालू आहे का आणि चालू नियम काय, ते अर्ज करताना बघून घे. मी वकील नाही, सीए पण नाही, काजूवाला आहे.)

क्रेडिट रिपोर्ट तो बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, आणि अशा कंपन्या चार आहेत; लोक त्यातली फक्त सिबिल बघतात. चूक असेल तर तक्रार घाल. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर आता दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम 2024 पासून आहे. माझ्या वेळी असता तर टेम्पो परत आला असता! लोकपालाकडे जायला फी नाही, एजंटही लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार मात्र हवी.

'बेवडो' म्हणणाऱ्यांचं काय, असं विचारलंयस. ते म्हणणारच. लपवू नकोस, त्यांना सगळं माहीत आहे. बँकेत मात्र आपणहून दारूचं पुराण सांगत बसू नकोस. मॅनेजरला हप्त्याशी मतलब. भागीदार जुन्या टेबलावरचा नको, कितीही जीवाचा असला तरी. मला सगळ्यात जास्त त्रास टोमण्यांचा नाही झाला, शिमग्याला 'एक घे रे, सणाचो दिवस' म्हणणाऱ्या पाहुण्यांचा झाला. पालखी आली की मी दर्शन घेऊन सरळ युनिटवर जातो, बी वाळत टाकलेली असतेच.

कोकम एप्रिल-मेमध्ये तयार होतं आणि पाऊस सुरू झाला की साल वाळवायचे वांधे. म्हणजे बँकेची फाइल दसऱ्याच्या आसपास गेली पाहिजे, मार्चमध्ये नव्हे. आणि तो वसुलीवाला महिनाअखेरीला परत फोन करेल, करतातच. त्याला म्हण, जे काय असेल ते बँकेच्या लेटरहेडवर लिहून पाठवा.