वाचकांचे प्रश्न : इंजिन काम झालंय, आता बूस्ट कधी?

प्रश्न : नमस्कार सर, २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस सेकंडहँड घेतली, १.८ टर्बो पेट्रोल. ऑइल खूप खायची म्हणून इंजिन खोललं. ब्लॉक ८१.५ ला बोअर करून नवीन पिस्टन-रिंगा, बेअरिंग, हेडचं काम, टर्बोचा कोअर पण नवीन टाकला. पुढच्या आठवड्यात स्टार्ट करणार. आता फिटर म्हणतोय पहिले हजार किलोमीटर ४० च्या वर जायचं नाही, आणि ज्याच्याकडे रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) करायचाय तो म्हणतो डायनोवर (गाडी रोलरवर पळवून ताकद मोजायचं मशीन) घ्या, एकदमच स्टेज वन, म्हणजे पहिल्या पायरीचा रिमॅप, मारून टाकू, रिंगा तिथेच बसतील. कुणाचं ऐकू? आणि ऑइल कुठलं टाकू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोघांचंही नका ऐकू. तसं दोघांचं अर्धं-अर्धं बरोबर आहे, आणि घोळ तिथेच होतो.

रिंग सिलिंडरला चिकटते ती काही फक्त स्वतःच्या ताणावर नाही. पेट्रोल जळलं की वरून जे प्रेशर येतं ते रिंगच्या मागे शिरतं आणि रिंगला बाहेर, बोअरच्या भिंतीवर दाबतं. होनिंगच्या, म्हणजे बोअर घासून मुद्दाम पाडलेल्या, ज्या तिरक्या रेघा असतात त्यांची टोकं या दाबाने घासून सपाट होतात आणि रिंग आणि बोअर एकमेकांना लागू होतात. हे काम सुरुवातीच्या थोड्या किलोमीटरमध्येच होतं, नंतर रेघा गुळगुळीत झाल्या की संपलं, मग कितीही पळवा. म्हणून ४० ने रांगत चालवलं तर दाबच येत नाही, ऑइल भिंतीवर भाजून काचेसारखा थर बसतो आणि गाडी परत ऑइल खायला लागते. आणि ट्यूनरचं ऐकून पहिल्याच दिवशी पूर्ण बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचं प्रेशर) दिला तर रिंगा अजून बसलेल्या नाहीत, घासण्याची गरमी जास्त, त्यात जरा नॉक झाला, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकलं, की पिस्टनवर रेघा. थोडक्यात लोड पाहिजे, बूस्ट नको.

मग टर्बो गाडीत बूस्ट कमी ठेवून लोड कसा द्यायचा? तुमच्या इंजिनात सोपं आहे. इनटेकच्या पाइपजवळ एन७५ नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो, दोन वायरींचा प्लग आणि तीन नळ्या. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याच्याकडून बूस्ट वाढवून घेतो. त्याचा फक्त प्लग काढून ठेवा, नळ्यांना हात लावू नका. मग वेस्टगेट, म्हणजे टर्बोला जाणारा जास्तीचा धूर बाजूने सोडणारी झडप, स्वतःच्या स्प्रिंगवरच उघडतो, बूस्ट साधारण ५-६ पीएसआयला अडकतो, कोणताही मॅप न बदलता. चेक इंजिनचा दिवा लागेल, लागू दे, नंतर कोड पुसता येतो. पण नळीच काढून ठेवली तर वेस्टगेटला प्रेशरच कळत नाही आणि बूस्ट उलटा बेफाम वाढतो, हे फिटरला दोनदा सांगा.

स्टार्ट करायच्या आधी टर्बोच्या ऑइल इनलेटमध्ये थोडं ऑइल ओता, चार प्लग बाहेर काढा, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारा. कोरड्या बेअरिंगवर नवा कोअर फिरला तर पहिल्याच मिनिटाला गेला समजा. या इंजिनात गाळ धरायची सवय आहे, त्यामुळे संपमधली (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी आणि टर्बोला ऑइल नेणारा पाइप नवीन टाकलाय का ते विचारून घ्या, नसेल टाकला तर आत्ताच टाका, त्या पाइपात आतून जळकं ऑइल जमतं आणि बाहेरून काहीच कळत नाही.

स्टार्ट झाल्यावर तासभर आयडलवर ठेवून चहा प्यायला जाऊ नका. लीकेज बघा, कूलंटमधली हवा काढा, फॅन चालू झाला की गाडी रस्त्यावर. हायवेला निपाणीच्या दिशेने जा, तिसऱ्या-चौथ्यात २००० ते ४००० आरपीएमपर्यंत अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर खेचा, मग पाय पूर्ण काढून गिअरमध्येच २००० पर्यंत उतरू द्या, परत खेचा. पाय काढल्यावर वर ऑइल ओढलं जातं आणि घासलेला बारीक कचरा धुतला जातो, म्हणून हा उतारपण तितकाच महत्त्वाचा. एकाच स्पीडला क्रूझ नको, आणि पाचव्यात १५०० वर घरघर करत ओढायचं तर अजिबात नको. आंबा घाट पहिल्या दिवशी राहू द्या, सलग चढाची गरमी अजून नको.

ऑइल साधं मिनरल, १५डब्ल्यू-४० चालेल, सिंथेटिक आत्ता नको. साधारण ८०-१०० किमीला पहिलं ऑइल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून बघा. बारीक चंदेरी पावडर दिसणारच, पण नखाने उचलता येईल असा तुकडा निघाला तर गाडी तिथेच थांबवा. मग ५०० ला परत, आणि १५०० नंतर ५डब्ल्यू-४० सिंथेटिक, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२.०० लिहिलेलं. मिनरल ऑइल टर्बोत लवकर भाजतं म्हणून या काळात गाडी बंद करायच्या आधी एखादं मिनिट आयडलवर थांबा.

आता ट्यूनरला काम द्यायचंच असेल तर रिमॅप नाही, लॉगिंगचं, म्हणजे इंजिनचे आकडे नोंदवायचं, द्या. व्हीसीडीएस (या गाड्यांचं स्कॅनिंग सॉफ्टवेअर) लावून ग्रुप ०३२ मध्ये फ्युएलचं अ‍ॅडॅप्टेशन, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते, बघायचं. हल्ली पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, त्यामुळे ५-८ टक्के प्लस दिसलं तर दचकू नका, पण १० च्या पुढे गेलं तर कुठेतरी हवा खातेय. फार रिच चालणंही वाईट, जास्तीचं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुवून टाकतं आणि रिंगा कोरड्या घासतात. ग्रुप ०२० मध्ये चारही सिलिंडरचं टायमिंग (ठिणगीची वेळ) किती मागे खेचलंय ते दिसतं, एकच सिलिंडर सतत मागे येत असेल तर आधी तिथला प्लग आणि इंजेक्टर बघा. बूस्टचा ग्रुप ११५, पण तो आकडा बाहेरच्या हवेसकट असतो, कोल्हापूरच्या उंचीवर इंजिन बंद असताना ९४०-९५० मिलीबार दिसेल, तेवढे वजा करून वाचा.

१५०० किमीला कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजने मोजा. चारही जवळजवळ सारखे आले आणि ऑइलची पातळी हलत नसेल तर एन७५ चा प्लग जोडा, काही दिवस स्टॉक मॅपवर चालवा, मग खुशाल रिमॅप. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ३ बारने मागे असेल तर रिमॅपचे पैसे खिशातच ठेवा. आणि हो, त्या वीस वर्षांच्या पेट्रोल नळ्या ई-२० साठी बनलेल्या नाहीत, इंजिनवर एवढा खर्च केलाय तर तेवढ्या बदलून घ्या.

प्रश्न : स्विफ्ट डिझेलचं इंजिन काम केलं. मेकॅनिकने ‘रनिंग’साठी दहा तास आयडलवर चालू ठेवली. आता ऑइलचं झाकण काढलं की भकभक धूर येतो. परत खोलावं लागेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ही जुनी पद्धत आहे, अजून बरेच जण करतात, आणि डिझेलला तर ती जास्तच बाधते कारण आयडलवर डिझेल इंजिन धड गरम पण होत नाही. लगेच खोलू नका. ऑइल-फिल्टर बदला, नवीन मिनरल टाका, गाडीत चार माणसं बसवा आणि इंजिन गरम झाल्यावर कसारा घाट उतरून परत चढा, तिसऱ्यात, २००० च्या खाली न जाऊ देता, टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवून. असं दोन-तीन वेळा करा. धूर कमी होत गेला तर रिंगा बसतायत. ५०० किमी नंतरही तसाच असेल तर मात्र बोअरवर थर बसलाय, तो चालवून जाणार नाही, परत होनिंग करून नव्या रिंगा टाकाव्या लागतील. तेव्हा मेकॅनिकला सांगा, पिस्टन तेच चालतील, उगाच नवीन सेट माथी मारू नको.