"कन्फर्म करतो" म्हणजे नक्की काय करतो?

प्रश्न: ताई, मी पिंपरीत एका कंपनीत मेक्सिकोच्या कस्टमरचं काम बघतो. त्यांनी विचारलं, आमचा नवीन पत्ता सिस्टीममध्ये आलाय का, मी स्पॅनिशमध्ये लिहिलं 'कोन्फिर्मो ला दिरेक्सिओन', म्हणजे बघून सांगतो असं म्हणायचं होतं. माल जुन्या गोदामात गेला ना! डिक्शनरीत कोन्फिर्मार, कोम्प्रोबार, बेरिफिकार सगळ्यांचा अर्थ सारखाच वाटतो. कुठलं कधी वापरू?

उत्तर: तुमचं व्याकरण चुकलं नाही, घोळ आपल्या "कन्फर्म करतो" मध्ये आहे. आपण तपासायलाही कन्फर्म म्हणतो आणि पक्कं सांगायलाही कन्फर्मच, वर "करतो" म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने. स्पॅनिशमध्ये नुसतं 'कोन्फिर्मो ला दिरेक्सिओन' वाचलं की समोरच्याला कळतं, पत्ता बरोबर आहे, विषय संपला. हां, 'मान्याना ले कोन्फिर्मो' म्हटलं तर उद्या पक्कं सांगतो असाच अर्थ होतो, कारण तिथे 'उद्या' आहे.

एकच बघायचं, माहिती तुमच्याकडे आहे की अजून शोधायचीय. असेल तर कोन्फिर्मार. अजून पडताळायची असेल तर बेरिफिकार किंवा कोम्प्रोबार. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात कोम्प्रोबार सर्रास चालतं, दार लावलंय का बघ, एवढ्यासाठीही, पण मेक्सिकोत त्याला पुराव्याचा वास जास्त आहे, रहिवासाचा पुरावा म्हणून लाइटबिल मागतात त्याला 'कोम्प्रोबान्ते दे दोमिसिलिओ' म्हणतात. म्हणून तुमच्या कस्टमरला बेरिफिकार लिहा, आणि चॅटवर ओळखीचं कोणी असेल तर 'चेकार', हे तिथे सगळ्यांच्या तोंडी असतं. तुमचं वाक्य असं हवं होतं: 'बोय आ बेरिफिकार ला दिरेक्सिओन इ ले कोन्फिर्मो', पत्ता तपासतो आणि तुम्हाला पक्कं कळवतो. दोन्ही क्रियापदं आपापल्या जागी.

मला विचाराल तर इंग्रजी अर्थ बाजूला ठेवा, आपल्या मराठीत हे सगळे फरक आधीच आहेत, आपणच ते वापरायचं सोडलंय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. कोरोबोरार म्हणजे दुजोरा देणं, एकाने सांगितलं आणि दुसऱ्या कोणी तेच सांगितलं तर. राटिफिकार म्हणजे शिक्कामोर्तब, करार वगैरे. आसेगुरार्से म्हणजे स्वतःची खात्री करून घेणं, त्याच्यानंतर 'दे के', म्हणजे आपलं 'की', विसरू नका. आणि काहीच माहीत नसेल, शून्यापासून छडा लावायचा असेल तर आबेरिग्वार, फक्त ईमेलमध्ये "मी शोधून काढलं" (averigüé) लिहिताना त्यातल्या 'यू'वर दोन टिंब द्यायची, नाहीतर तो 'यू' उच्चारातच येत नाही.