बो आणि स्टर्नला सुरकुत्या का पडतात

जहाजाच्या मॉडेलचा हल, म्हणजे बाहेरचं कवच, कॉम्प्युटरवर करताना लाइन्स प्लॅनवरून (हलच्या आकाराचा नकाशा) सगळी 21 स्टेशनं, म्हणजे लांबीत ठरावीक अंतरांवरचे आडवे छेद, काढून तुम्ही एकदम लॉफ्ट केलंत, म्हणजे सगळ्या छेदांवरून एकच पृष्ठभाग ताणलात. मधला भाग चांगला आला, पण बोजवळ (पुढचं टोक) लाटा उठल्या, स्टेमवर, म्हणजे बोच्या सगळ्यात पुढच्या कडेवर, पृष्ठभाग चिमटला आणि मागे स्टर्नला शाफ्टच्या बॉसपाशी (पंख्याचा दांडा बाहेर येतो तिथला फुगीर भाग) सगळं विस्कटलं. आता आणखी स्टेशनं घालू का, असं विचारताय. घालू नका. उलट मधली बरीचशी काढून टाका.

मधल्या समांतर भागात छेद बदलतच नाही, तिथे दोन स्टेशनं पुरतात. आकार झपाट्याने बदलतो तो टोकांना, म्हणून लाइन्स प्लॅनमध्येही टोकांकडे दोन स्टेशनांच्या मध्ये जादा ‘अर्धी’ स्टेशनं काढलेली असतात. तुमची खरी अडचण मात्र वेगळी आहे: प्रत्येक छेदाचे कंट्रोल पॉइंट, म्हणजे वक्राला आकार देणारे बिंदू, वेगवेगळ्या संख्येत आहेत. लॉफ्ट करताना सॉफ्टवेअर सगळ्या छेदांच्या नॉट (वक्राचे तुकडे जिथे जुळतात त्या जागा) एकत्र करतं, आणि पृष्ठभागावर गरज नसलेल्या शेकडो नॉट येतात. ठिकठिकाणी टाचण्या मारलेल्या कापडासारखी त्याची गत होते; टाचणी जरा चुकली की सुरकुती पडलीच. त्यात कागदावरून माप उचलताना झालेली बारीक चूकही पृष्ठभाग इमानेइतबारे पाळतो. म्हणून आधी सगळे छेद डिग्री 3 (वक्राच्या समीकरणाचा घात) आणि सारख्याच संख्येच्या कंट्रोल पॉइंटांवर रिबिल्ड करा, म्हणजे नव्याने बांधा. आठ-दहा पॉइंटांत बहुतेक छेद बसतात. नकल, म्हणजे हलवर मुद्दाम ठेवलेली धार, असेल तर पृष्ठभाग तिथेच तोडा. एकाच गुळगुळीत पृष्ठभागाला धार पेलवत नाही.

त्याहीआधी दोन रेषा काढा: सपाट तळ कुठे संपतो ती, आणि सपाट बाजू कुठे संपते ती. लाइन्स प्लॅनमध्ये त्या असतात, पण नवशिके त्यांच्याकडे बघत नाहीत. माझ्या मते अख्ख्या हलमध्ये यांच्याइतक्या मोलाच्या रेषा नाहीत. बोचा आणि स्टर्नचा वक्र पृष्ठभाग या रेषांवरून सुरू करायचा आणि सुरुवातीला तो सपाट भागाला स्पर्शिकेत ठेवायचा. वक्रता शून्यापासून हळूहळू वाढू द्या. बोजवळच्या निम्म्या लाटा इथेच जातात, कारण त्या मुळात सपाट भाग आणि वक्र भाग एकाच लॉफ्टमध्ये कोंबल्यामुळे आलेल्या असतात.

आता स्टेम. पुढे जाता जाता छेद अरुंद होत शेवटी नाहीसे होतात. स्टेशनांच्या या छेदांचं लॉफ्ट तिथवर ओढलं की पृष्ठभागाची एक कड एका बिंदूत गोळा होते. त्या बिंदूशी लंबदिशा ठरत नाही, म्हणून चिमटा दिसतो. बोला दिशा बदला: तिथे वॉटरलाइन, म्हणजे पाण्याच्या पातळीला समांतर छेद, घेऊन पृष्ठभाग करा आणि तुकडा चार बाजूंचाच ठेवा. खऱ्या जहाजाचा स्टेम बहुधा गोलसर असतो. तो हवा असेल तर मध्यप्रतलावर (हलचे डावे-उजवे अर्धे करणारं उभं प्रतल) प्रत्येक वॉटरलाइनची स्पर्शिका त्या प्रतलाला लंब हवी. म्हणजे मध्यरेषेवरचा कंट्रोल पॉइंट आणि त्याच्या शेजारचा पॉइंट यांची लांबी आणि उंची सारखी, फरक फक्त रुंदीत. एवढं पाळलं की आरसा मारल्यावर दोन्ही बाजूंची वक्रतासुद्धा आपोआप जुळते. टोकदार स्टेम हवा असेल तर पृष्ठभाग मध्यप्रतलाच्या थोडा पलीकडे जाऊ द्या आणि मग ट्रिम करा, म्हणजे जादा भाग कापा.

बल्ब, म्हणजे बोच्या खाली पाण्यातला गोल फुगवटा, वेगळा तुकडा करून मोठ्या ब्लेंडने (दोन पृष्ठभाग गुळगुळीत सांधणारा तुकडा) जोडा. त्याची लांबी आणि उंची डोळ्याला बरी दिसते म्हणून बदलू नका. बल्ब स्वतःची लाट उठवतो आणि ती बोच्या लाटेला कापते. त्यामुळे त्याचा आकार जहाजाच्या वेगाशी बांधलेला असतो. अमेरिकन नौदलाचे जहाजरचनाकार डेव्हिड टेलर यांनी 1910 मध्ये सेवेत आलेल्या यूएसएस डेलावेअर या युद्धनौकेला असा बल्ब दिला होता.

स्टर्नला बटक लाइनकडे, म्हणजे मध्यप्रतलाला समांतर उभ्या छेदांकडे, बघा. ट्रान्समच्या (स्टर्नचा सपाट कापलेला शेवट) दिशेने पाणी बऱ्याच अंशी त्यांच्याच वाटेने जातं, म्हणून त्या शेवटी जवळजवळ सरळ हव्यात. ट्रान्समची कड म्हणजे पृष्ठभागाची हद्द नव्हे. पृष्ठभाग पलीकडे न्या आणि प्रतलाने कापा. बॉस मुख्य हलमधून ओढून काढायचा प्रयत्न सोडा. शाफ्टच्या अक्षाभोवती वेगळा गोल तुकडा करा, दोन्ही पृष्ठभाग जोडापासून थोडे मागे कापा आणि मधल्या फटीत ब्लेंड भरा. फट अरुंद ठेवली तर ब्लेंड फुगतो, तेव्हा इथे हात आखडू नका.

तपासताना झेब्रा पट्टे (पृष्ठभागावर पडलेलं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रतिबिंब) बघाच, पण त्यावर थांबू नका. मध्यरेषेपासून बिल्जकडे, म्हणजे तळ आणि बाजू जोडणाऱ्या गोलाव्याकडे, उतरणारे तिरपे छेद घ्या आणि त्यांच्यावर वक्रतेचा कंगवा लावा; यात रेषेवर जिथे वक्रता जास्त तिथे दात लांब दिसतात. हे छेद बिल्जला जवळजवळ काटकोनात छेदतात, म्हणून वॉटरलाइनवर लपलेला फुगवटा तिथे पकडला जातो. कंगव्याचे दात मध्येच बाजू बदलत असतील तर आसपासचे पॉइंट हलवण्याआधी एखादा कमी करून बघा.

मूळ मापांपासून थोडं हटावं लागेल, त्याला घाबरू नका. जहाजावरचे 20 मिमी 1:100 च्या मॉडेलवर 0.2 मिमी होतात. सँडपेपरच्या दोन हातांत तेवढं जातं. विस्थापनाचं, म्हणजे पाण्याखालच्या हलचं, घनफळ मात्र लाइन्स प्लॅनमधल्या आकड्याशी ताडून बघा. ते जुळत नसेल तर आधी बिल्जचा गोलावा आणि सपाट तळाची हद्द तपासा, मगच बो-स्टर्नकडे वळा.