आधी टेबल, मग जेवणाची योजना

ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डसाठी नागपूरहून प्रथमच निघताना एवढे पक्के ध्यानात ठेवा की, डिस्नेच्या जेवणाच्या योजनेचे (‘डायनिंग प्लॅन’चे) पैसे आगाऊ भरले तरी रेस्टॉरंटमधले टेबल राखून ठेवले जात नाही. टेबलाचे आरक्षण 60 दिवस आधी, तिथल्या सकाळी सहाला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेतीनला आणि हिवाळ्यात साडेचारला सुरू होते, तेव्हा तयारीनिशी बसा.

योजना तीन वर्षे व त्यावरील प्रत्येकासाठी आणि मुक्कामाच्या सर्व रात्रींसाठी घ्यावी लागते. त्यामुळे घरात आजीसारखे अल्पाहारी कोणी असेल, तर आधी मेनूतील दर लावून हिशेब करा. बक्षिशी त्यात धरलेली नसते.

नवखे लोक रोज टेबल ठरवतात आणि धावपळीतच दमतात. एक दिवसाआड पुरे. शाकाहारींनी डिस्नेतले ‘साना’ हे रेस्टॉरंट अवश्य पाहावे, तिथल्या नान आणि चटण्यांनी जीव सुखावतो.