आजींची पुस्तिका लिहिताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आजींचं तेरावं झालं आणि वर्षश्राद्धाला त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची आहे, हे वाचून फार बरं वाटलं. लिहायला बसण्याआधी एक निकड सांगायची आहे. घरात स्वयंपाकघर आवरायला काढलं असेल तर दोन दिवस थांबवायला सांग. कागदपत्रं कपाटात टिकतात, पण मांडणी आणि डबे पहिल्याच महिन्यात भंगारात किंवा नातेवाइकांकडे जातात, आणि घर सांभाळणाऱ्या बाईचं दप्तर तिथेच असतं.

प्रत्येक फळीचा आहे तसा फोटो काढ. मग भांडी एकेक उलटीसुलटी करून बघ. आपल्याकडे लग्नाच्या, बारशाच्या, मुंजीच्या भांड्यांवर नाव आणि तारीख घालायची पद्धत आहे. अक्षरं झिजली असतील तर तांदळाची पिठी चोळून हलकेच पुसून टाक. खाचांत पिठी राहते आणि अक्षर वाचता येतं. माहेरच्या भांड्यांवर कदाचित लग्नाआधीचं नावही सापडेल. ते पुस्तिकेत पहिल्या पानावर घे. लग्नात नाव बदललेल्या कितीतरी बायकांचं मूळ नाव नातवंडांना ठाऊक नसतं.

भिंतीवरची जुनी कॅलेंडरं ठेवली असतील तर ती सोन्यासारखी जप. चौकटींत दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कोणाचं इंजेक्शन, कोण मुक्कामाला आलं, सगळं असतं. एक वर्ष निवडून त्यातला एकच महिना पुस्तिकेत जसाच्या तसा उतरव.

जन्मतारखेबाबत सावध राहा. दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो, पण तिथेही तेच असणार. त्यापेक्षा सहस्रचंद्रदर्शन कधी केलं ते विचार. ते साधारण ८० वर्षं १० महिन्यांच्या सुमारास येतं, त्यावरून मागे मोजता येतं. मात्र घरच्यांच्या सोयीने ते अलीकडे-पलीकडे केलेलं असतं, म्हणून हा निव्वळ अंदाज समज.

आता माणसं. आजींच्या बहिणी, नणंदा, जुन्या शेजारणी यांच्याकडे आधी जा. मुलगे आणि पुतणे नंतर. 'आजी कशा होत्या?' असं विचारलंस तर 'फार प्रेमळ' एवढंच उत्तर मिळेल. साल विचारलंस तर कोणाला सांगता येणार नाही. घटनेला धरून विचार: पानशेत फुटलं (१९६१) तेव्हा तुम्ही कुठे राहत होता? कोयनेचा भूकंप (१९६७) झाला तेव्हा धाकटा पोटात होता की मांडीवर? बहात्तरच्या दुष्काळात रेशनवरच्या मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी कशी करायच्या? एवढ्या धाग्यावर बायका तासभर बोलतात. दुपारी तीननंतर जा, पंखा बंद ठेवता आला तर बघ, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर हातभर अंतरावर ठेव. टेबलावर नुसता ठेवला की कपबशीचा प्रत्येक आवाज बोलण्यावर चढतो. बोलणं आठवड्याच्या आत उतरवून काढ आणि त्यांची बोली प्रमाण मराठीत बसवू नकोस.

रोजचं काम आकड्यांत मांड. घरात नऊ माणसं, दोन्ही वेळा सरासरी तीन पोळ्या म्हणजे दिवसाला चोपन्न. किलोभर कणकेत साधारण तीस घडीच्या पोळ्या होतात. म्हणजे महिन्याला पन्नास-पंचावन्न किलो गहू निवडणं, उन्हं दाखवणं, गिरणीत पाठवणं आलं. त्यातलं कोणी काय उचललं तेही लिही. एकत्र कुटुंबात जावा आणि नणंदाही राबलेल्या असतात.

पाककृती घ्यायच्या तर आजींची वाटी शोध. ती पाण्याने भरून वजनकाट्यावर ठेव, रिकाम्या वाटीचं वजन वजा कर. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. या मापाशिवाय 'दोन वाट्या डाळ' निरुपयोगी आहे. आणि कृती लिहिताना त्यांचं 'का' सुद्धा लिही. कुरडयांचंच घे. गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं, नाहीतर आंबूस वास कुरडईत उतरतो. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचं पाणी पूर्ण ओतून टाकून मग चीक मोजायचा आणि त्याच मापाने पाणी उकळायला ठेवायचं. वरचं पाणी राहिलं तर माप चुकतं, चीक सैल होतो आणि सोऱ्यातून तार धरत नाही. चीक शिजताना ढवळायला कोण असायचं, वाळवणं राखायला गच्चीवर कोण बसायचं, हे सुनांना विचार.

दगावलेलं मूल, मोडलेल्या पाटल्या, वाटण्यांतले रुसवे हेही निघेल. निघालं की रेकॉर्डिंग थांबवू का, असं आधी विचार. पाटल्या कोणाच्या शिक्षणासाठी मोडल्या हे त्या व्यक्तीच्या संमतीने जरूर छाप. मुलाबद्दल मात्र घरात एकमत नसेल तर छापू नकोस. फक्त अपत्यांची संख्या खरी लिही, त्या मुलाला धरून.

'त्यागमूर्ती', 'अन्नपूर्णा' हे शब्द पहिल्या मसुद्यात आले तरी दुसऱ्यात काढ आणि त्या जागी एखादं काम लिही.

चोवीस पानं पुरे, अक्षर सोळा पॉइंटचं, कारण वाचणाऱ्या बहुतेक सत्तरीपुढच्या असतील. छपाईला देण्याआधी कच्ची प्रत सगळ्यांत थोरल्या नणंदेला मोठ्याने वाचून दाखव. नात्यांच्या आणि गावांच्या चुका त्याच पकडतील.