सातवीच्या मुलांना पाणलोट क्षेत्र कसं शिकवावं? मॉडेलचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही नेरुळला सातवीला भूगोल शिकवता, मुलं पाणलोट क्षेत्राची व्याख्या (ज्या भागातलं पावसाचं पाणी उतरून एकाच नदी-नाल्याला मिळतं तो भाग) घडाघडा म्हणतात पण डोक्यात काही शिरत नाही, असं लिहिलंय. मॉडेलचा उपयोग होतो, फक्त त्यावर पाणी ओतायचं. हसू नका. पहिल्या वर्षी मी घरी बसून थर्माकोलचा झकास डोंगर केला, पोस्टर कलर दिले, प्रदर्शनात मांडला आणि रंग ओघळू नयेत म्हणून शेजारी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली: ‘पाणी टाकू नये’. प्रमाणपत्र मिळालं. पोरांना काही मिळालं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीचा किल्ला आठवला. विटा रचायच्या, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं आणि थापायचं. हे काम मुलांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. खाली ताडपत्री हवीच. मात्र कुठलातरी डोंगर करू नका, आपलाच करा. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाणे खाडी, मधे ठाणे-बेलापूर रस्ता, रेल्वे आणि वस्ती. इमारती म्हणून काडेपेट्या. प्रत्येकाने आपापलं घर मांडायचं.

पाणी ओतण्याआधी प्रत्येकाला एकेक टाचणी द्या आणि पाणी कुठे साचेल तिथे खोचायला सांगा. तास खरा इथे रंगतो. नंतर बाटलीच्या बुचाला भोकं पाडून माथ्यावर पाऊस पाडा. थोडं पाणी अलीकडे येतं, थोडं पलीकडे शिळफाट्याच्या बाजूला उतरतं. ती माथ्यावरची रेघ मुलांना बोटाने काढू द्या. जलविभाजक हा शब्द त्यानंतर सांगा, आधी नाही. आमच्याकडे एकाने जागा मोकळी दिसली म्हणून काडेपेटी नेमकी घळीत ठेवली होती. ती भिजली, आडवी झाली आणि तरंगत रस्त्यावर आली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने पेटी उचलली, सुकी केली आणि कुणी न सांगता दोन बोटं वर ठेवली.

आठवडाभर आधी डोंगराच्या अर्ध्या भागावर हळीव पेरून ठेवा, किल्ल्यावर पेरतो तसं. उरलेला अर्धा भाग उघडा, दगडखाणीसारखा. दोन्हीकडचं पाणी वेगवेगळ्या वाट्यांत धरा. उघड्या बाजूचं लगेच येतं आणि गढूळ असतं, हळीवाकडचं रेंगाळत येतं. वाट्या शेजारी ठेवल्या की बोलायची गरज उरत नाही.

नवी मुंबईत एक गोष्ट मात्र पुस्तकात नाही ती दाखवावी लागते: भरती. शहराचा बराच सखल भाग खाडीलगत भराव घालून उभा राहिला, म्हणून शहर वसवणाऱ्या सिडकोने वाशी, बेलापूरकडे होल्डिंग पाँड, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारी तळी, बांधली. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं आणि ओहोटीला खाडीत जातं. मॉडेलमध्ये खाडी म्हणून पाण्याची परात ठेवा, वस्ती आणि परात यांच्यामधे तळ्याला जागा सोडून शाडूचा बांध घाला, त्यात नळीचा तुकडा बसवा आणि परातीच्या बाजूने सायकलच्या जुन्या ट्यूबची झडप लटकवा. परातीत पाणी वाढवलं की झडप नळीला चिकटते. थोडं गळतं, गळू दे. मग वरून पाऊस चालू ठेवा आणि तळ्यात गाळ म्हणून मूठभर माती टाका. पुढे काय होतं ते मुलंच ओरडून सांगतील. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोराचा पाऊस आला की मोठी माणसं का धास्तावतात, हेही त्यांना तिथेच कळतं.

एक घोळ होईल, तयार राहा. कुणीतरी हमखास विचारेल, ‘मग आपण हे नाल्याचं पाणी पितो?’ नाही. नवी मुंबईच्या नळाला येतं ते मुख्यतः खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचं, धावरी नदीवरचं. म्हणजे आपल्या नळाचं पाणलोट वेगळं आणि गटाराचं वेगळं. त्यासाठी दुसरं मॉडेल करत बसू नका, नकाशावर दाखवा, पुरे.

दोन तास सलग मागून घ्या, पस्तीस मिनिटांत फक्त चिखल होतो. आणि नंतर ती माती शाळेच्या मोरीत धुऊ नका, कुंड्यांत घाला. आमची मोरी तुंबली तेव्हा शिपाईकाकांनी मला जे ऐकवलं, ते इथे लिहीत नाही.