पूडरच्या दरीतून उतरताना: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातली, फोर्ट कॉलिन्स गावची मॅरेथॉन पळून आलो, त्यावर दोन पानं लिहिली होती. कॅश ला पूडर नावाच्या नदीच्या दरीत वर कुठंतरी सुरुवात, मग नदीच्या काठाकाठानं खाली, आणि शेवट गावात. संपादकांनी आता पत्रांचा गठ्ठाच पाठवलाय. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केले. फोटो मागणाऱ्यांनी माफ करावं. पळताना फोन लेकीकडे ठेवला होता.

सगळा रस्ता उताराचा, मग तुम्हाला चार तास बावन्न मिनिटं कशी काय लागली? (कराडहून)

टोमणा कळला. पण प्रश्न बरोबर आहे, कारण जाण्याआधी मीही हेच म्हणत होतो.

आधी उतार किती, ते सांगतो. सुरुवात सुमारे 6100 फुटांवर, शेवट 5000 फुटांच्या आसपास. बेचाळीस किलोमीटरमध्ये साधारण 1100 फूट, म्हणजे किलोमीटरमागे आठ मीटर. आपला साताऱ्याचा यवतेश्वरचा घाट पाहिलेल्या माणसाला हा उतार डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. रस्ता सपाटच वाटतो. फक्त नदी ज्या जोरात खाली पळत असते, त्यावरून कळतं की आपणही उतरतोय.

मी विद्युत मंडळात चौतीस वर्षं काढली. खांबावर ट्रान्सफॉर्मर चढवताना सगळे जोर लावतात, घाम गाळतात. पण हात सोलून निघतात ते तो उतरवताना. वजन खाली जातच असतं, तुम्ही फक्त दोर धरून त्याला हळू सोडायचं असतं. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू हेच काम करतो. चढावर तो आखडून शरीर वर ढकलतो. उतारावर तो ताणला जात असतानाच ब्रेक लावतो. या कामात त्याचे धागे जास्त दुखावतात. वाईट भाग असा की छाती काहीच तक्रार करत नाही. श्वास शांत, नाडी शांत, त्यामुळं वाटतं आज आपला दिवस आहे.

मी पहिले एकवीस किलोमीटर दोन तास पाच मिनिटांत काढले. साताऱ्यात मला हे कधी जमलेलं नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती. दरीतला रस्ता जवळजवळ सत्तावीस किलोमीटरचा आहे. तो संपतो तिथं टेड्स प्लेस नावाचा पेट्रोल पंप आणि दुकान आहे. डोंगर मागं पडतात, उघडं रान लागतं, आणि थोडं पुढं एक चढ येतो. चढ कसला, उंचवटा म्हणा. समर्थ मंदिरापासून बोगद्याकडं जाताना आपण असला चढ मोजतसुद्धा नाही. त्या उंचवट्यावर माझ्या मांड्यांनी सरळ काम बंद केलं. दुखत नव्हत्या, नुसत्या ऐकत नव्हत्या. शर्यतीचं दुसरं अर्ध अंतर दोन तास सत्तेचाळीस मिनिटांत झालं, त्यात चालणं किती ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी लेकीच्या घरचा जिना मी पाठमोरा उतरलो. जावई सभ्य माणूस आहे, हसला नाही.

कॅनियन म्हणजे आपली दरी की घळ? (रोहा)

दोन्ही थोडं थोडं, आणि दोन्ही नाही. घळ म्हटलं की मला शिवथरची आठवते, म्हणजे कड्याखालची जागा. सांदण ही खरी चिंचोळी फट, पण तिच्यातून सायकलही जायची नाही. पूडरच्या दरीत दोन्ही बाजूंना कातळ उठलेत, मध्ये नदी, आणि नदीला खेटून दोन पदरी डांबरी रस्ता, त्यांचा 14 नंबरचा हायवे. पाण्यानं डोंगर कापत कापत ही वाट केली आणि माणसानं मागाहून तिच्यात रस्ता घातला.

आपल्या घाटाशी फरक इथंच आहे. आपला घाट डोंगराच्या अंगावरून वळसे घेत उतरतो, पाणी कुठंतरी खोल तळाला. धबधबा भेटतो तो आडवा. इथं नदी सत्तावीस किलोमीटर सोबतीला. कधी डावीकडं शांत, कधी दगडांवर आपटत इतका आवाज करणारी की शेजारच्याच्या बुटांचा आवाज ऐकू येत नाही. मे महिन्यात वरचा बर्फ वितळत असतो, त्यामुळं पाणी वाढलेलं आणि गढूळ हिरवं. तिच्या वरच्या भागाला 1986 मध्ये केंद्र सरकारनं संरक्षण दिलं, तसं संरक्षण मिळालेली ती कोलोराडोतली एकमेव नदी.

नावाचा अर्थ तीन वाचकांनी विचारलाय. फ्रेंचमध्ये ‘दारू लपव’. बंदुकीची दारू, दुसरी नव्हे. जुन्या काळी कातड्याचा व्यापार करणारे फ्रेंच लोक बर्फाच्या वादळात सापडले, तेव्हा त्यांनी जड सामान आणि दारूची पिंपं नदीकाठी पुरून ठेवली, अशी गोष्ट तिथं सांगतात. गावातले लोक नुसतं ‘पूडर’ म्हणतात.

वय पंचेचाळीस, दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात. एकटी बाई म्हणून विचारते: पहाटे, थंडी, स्वच्छतागृह, याची व्यवस्था कशी असते? (चिपळूण)

ताई, हा प्रश्न पुरुष विचारत नाहीत आणि मग रांगेत सगळ्यात अस्वस्थ तेच असतात.

दरीत गाड्या लावायला जागा नाही. म्हणून सगळ्यांना गावातून पहाटे अंधारातच बसनं वर नेतात. बसमध्ये शेजारी एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या मांडीवर उकडलेला बटाटा, मीठ लावून, कागदात गुंडाळून आणलेला. अर्धा मला दिला. वर पोचल्यावर सुरुवातीला बराच वेळ असतो आणि थंडी अशी की माथेरान-महाबळेश्वरचा डिसेंबर आठवावा आणि त्यात आणखी भर घालावी. सूर्य उगवला तरी दरीत ऊन लवकर उतरत नाही. माझं ऐकाल तर जुना स्वेटर, जुनी पॅंट, टाकून द्यायच्या तयारीनं घालून जा. लोक सुरुवातीलाच ते काढून ठेवतात. मी भावाचं जुनं जर्किन नेलं होतं. टाकताना जिवावर आलं.

फिरती स्वच्छतागृहं असतात, पण रांग मोठी. बसमधून उतरल्या उतरल्या रांगेत लागा, गरज नसली तरी. पुढं पोचेपर्यंत गरज येते. कागद आपला आपण न्यावा. वाटेतही असतात, तिथं रांग नसते. एकटेपणाचं म्हणाल तर रस्ता बंद असतो, स्वयंसेवक जागोजाग. मला अख्ख्या वाटेत भीती वाटली ती फक्त स्वतःच्या मांड्यांची.

उंचीमुळं दम लागतो का? (अलिबाग)

लागतो. सहा हजार फुटांवर हवेतला ऑक्सिजन अलिबागच्या मानानं सुमारे पाचव्या हिश्श्यानं कमी भरतो. मी लेकीकडं तीन आठवडे आधी पोचलो होतो, म्हणून निभावलं. तुम्ही समुद्रकाठचे, तीन दिवस आधी जाऊन पळणार असाल तर घड्याळ घरी ठेवा. दमापेक्षा फसवी गोष्ट म्हणजे कोरडी हवा. घाम येतो आणि वाळतो, बनियन ओला होत नाही, म्हणून आपण पाणी पीत नाही. मी पहिले दोन पाण्याचे टेबल रुबाबात ओलांडले. साताऱ्याच्या दमट हवेत मी असं करणाऱ्यांना शिव्या देतो.

बोस्टन मॅरेथॉनची पात्रता वेळ गाठायची आहे. उताराची शर्यत निवडावी का? (पुणे)

आता विचार करून निवडा. बोस्टनवाल्यांनी 2027 च्या शर्यतीपासून नियम बदललाय. सुरुवात आणि शेवट यांत 1500 ते 2999 फूट उतार असेल तर तुमच्या वेळेत पाच मिनिटं मिळवली जातात. 3000 ते 5999 असेल तर दहा. 6000 आणि वर असेल तर ती वेळ धरतच नाहीत. यूटामधली बिग कॉटनवुड कॅनियनची मॅरेथॉन किंवा सेंट जॉर्जची, दोन्ही उतारासाठी प्रसिद्ध, दोन्ही या चाळणीत अडकतात. पूडरची 1100 फुटांची, म्हणून सुटते. विश्वविक्रमाला मात्र यातली कुठलीच चालत नाही, कारण तिथं किलोमीटरमागे एक मीटरच उतार माफ आहे. तुम्ही विश्वविक्रमाचं विचारलेलं नाही, पण पुण्याचं पत्र आहे म्हणून सांगून ठेवलं.

सराव कसा करावा? आमच्याकडं डोंगर आहे, दरी नाही. (कोल्हापूर)

डोंगर आहे तर सगळं आहे. आपली चूक काय होते ते सांगतो. आपण घाट पळत चढतो आणि गप्पा मारत चालत उतरतो. साताऱ्यात मी वर्षानुवर्षं हेच केलं. हिल हाफ मॅरेथॉनमध्ये येताना उतार असतो खरा, पण तो दहा किलोमीटरचा, आणि तिथं पोचेस्तोवर चढानं माणूस इतका दमलेला असतो की त्याला वेग घ्यायचं सुचत नाही.

पुन्हा जायचं झालं तर मी उलटं करीन. यवतेश्वरला मुलाला मोटारसायकलनं सोडायला सांगीन आणि ताज्या पायांनी खाली पळीन. सुरुवातीला तीन किलोमीटर, मग पाच, मग आठ. पहिल्या वेळी दोन दिवस मांड्या धरतात. दुसऱ्या वेळी तेवढ्या धरत नाहीत, कारण स्नायूला एकदा असा मार बसला की पुढचे काही आठवडे तो सावध राहतो. शेवटचा उताराचा सराव शर्यतीआधी दोन-तीन आठवडे उरकून टाका. पावलं लहान टाका, टाच पुढं फेकू नका. आणि पहिले पंधरा किलोमीटर मुद्दाम हळू जा, लोक ओलांडून गेले तरी. मला टेड्स प्लेसच्या पुढं ती बटाटेवाली आजी ओलांडून गेली. एका लयीत, मान खाली. ‘ऑलमोस्ट देअर’ म्हणाली. अजून बारा किलोमीटर होते.

आपल्या ताम्हिणीला काय कमी आहे? परदेशातल्या दऱ्यांचं कौतुक किती करायचं? (मुळशी)

काही कमी नाही. भाद्रपदात कासच्या वाटेवर धुकं उतरतं, कडेला तेरडा फुललेला असतो, ते पूडरला स्वप्नातही जमायचं नाही. तिथले डोंगर मे महिन्यातही तपकिरी. त्यात 2012 च्या वणव्यात खालच्या दरीतले उतारच्या उतार जळाले. नंतर 2020 मध्ये वरच्या अंगाला जी आग लागली ती त्या राज्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी, दोन लाख एकरांहून जास्त. काळे खांब अजून उभे आहेत, वरून तारा काढून नेलेल्या लाइनसारखे. मी पळताना ते मोजायला लागलो होतो, सवयीनं.

ताम्हिणीत एका रविवारी पहाटेपासून दुपारपर्यंत गाड्या बंद ठेवून दाखवा. पहिलं नाव माझं लिहा.

आजोबा, अस्वल दिसलं का? (इयत्ता पाचवी, वाई)

नाही बाळा. मोठ्या वळलेल्या शिंगांच्या रानमेंढ्या त्या दरीत असतात, त्यांची पाटी दिसली, मेंढी नाही. एक करडा, गुबगुबीत पक्षी मात्र दिसला. नदीतल्या दगडावर बसून सारखा गुडघे वाकवत होता, उठाबशा काढल्यासारखा, आणि मग सरळ वाहत्या पाण्यात शिरला. बुडी मारून दुसऱ्या दगडावर निघाला. आणि एक माणूस पाहिला. कमरेइतक्या बर्फाच्या पाण्यात गळ टाकून उभा. त्याच्या पाठीमागून हजारभर माणसं धापा टाकत गेली, त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

बूट कुठले घ्यावेत? (सोलापूर)

कंपनी सांगत नाही, माप सांगतो. उतारावर पाय बुटात पुढं सरकतो आणि प्रत्येक पावलाला अंगठा आतून आपटतो. नखं शर्यतीच्या चार दिवस आधी काढा आणि बुटात पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. मला आमच्याकडच्या एका दुकानदारानं ‘वापरून सैल होतील’ म्हणून अर्धा नंबर लहान दिले, आणि मी घेतले. उजव्या अंगठ्याचं नख आधी जांभळं, मग काळं, आषाढात गळून पडलं. बायकोनं ते कागदात बांधून कपाटात ठेवलंय. पुढच्या वेळी मी फॉर्म भरायला बसलो की दाखवणार म्हणते.

शेवटी काय खाल्लंत? (अनेक)

शेवट जुन्या गावात होतो, विटांच्या इमारतींमध्ये. केळी, पाव, सगळं होतं. त्या गावात बिअरचे कारखाने बरेच, त्यामुळं लोक सकाळी अकराला ग्लास घेऊन उभे. लेक दहीभाताचा डबा घेऊन आली होती. खाली बसलो असतो तर उठलो नसतो, म्हणून दिव्याच्या खांबाला टेकून उभ्यानंच खाल्ला. आजी शेजारी आल्या, डब्यात डोकावल्या. मी चमचा पुढं केला, बटाट्याची परतफेड म्हणून. त्यांनी दोन घास घेतले आणि याबरोबर काही तिखट नसतं का, असं विचारलं. लोणचं लेक घरी विसरली होती.